ह्यांचा इटलीवाला

माझी सवत बाप्या होता.

इटलीचा. फुटबॉल खेळायचा.

आज आमच्या ह्यांना जाऊन वर्ष झालं. अशा दिवशी चांगलं चांगलं लिहायचं असतं म्हणे. ज्याला चांगलं वाचायचं असेल त्याने दुसरीकडे जावं.

पडवीत त्या माणसाचा फोटो. पेपरातला कापून, मालवणात नेऊन फ्रेम करून आणलेला. आमच्या लग्नाचा फोटो ट्रंकेत, जुन्या लुगड्यांखाली.

बरं, तो गोल तरी मारायचा का? नाही. मधे राहून दुसऱ्यांना पास द्यायचा.

वाडीतली पोरं सगळी गोल मारणाऱ्यांची फॅन. वर्ल्ड कपला नाक्यावर बॅनर करायचा होता, तर हे फ्रेम घेऊन गेले. "ह्येकाय लावा रे."

"आजोबा, हो आता कशाक? कधीच रिटायर झालो तो!"

हे घरी येऊन न जेवता बसले.

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

मलाच समजवायचे, "अगो, गोल मारणारो सगळ्यांका दिसता. त्येका बॉल कोणी दिल्यान, ता कोण बघता?"

ह्यांनी आणलेले मासे चाळीस वर्षं बाजारात बसून मी विकले. वाडी म्हणायची, काय मासे आणतो हा माणूस!

विकले कोणी, ते ह्यांनी कधी बघितलं?

आज सकाळी तो फोटो काढला आणि कणगीमागे टाकला. त्याच खिळ्याला ह्यांचा लावला, हार घालून.

मग श्राद्धाचं पान कुंपणापाशी ठेवलं. कावळे माडावर बसून बघतायत. शिवेना एकही. माणसं जेवायची खोळंबली.

मुलाने हात जोडले. "बाबा, होडी विकूचंय नाय."

नाही.

मी पुढे झाले. "माझी काळजी करू नकात. मी बरी आसंय."

मेल्याने मान फिरवली. सगळ्यांसमोर.

तेवढ्यात धाकटी नणंद पडवीतून ओरडली, "वयनी, तो इटलीवालो खंय गेलो गो?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

काय करते! काढला बाहेर. पुसला. ह्यांच्या बाजूला दुसरा खिळा ठोकून टांगला.

अंगणात परत येते तर कावळा पानावर.

माझ्या शब्दाला हलला नाहीत. त्याच्यासाठी धावत आलात.

उचललात तो वडा मात्र माझ्या हातचा होता. एवढंच सांगते.

तो इटलीवाला अजून जिवंत आहे, नातीने मोबाईलवर दाखवला. पोट सुटलंय त्याचं.

कधी वर आलाच, तर मारा त्याच्याबरोबर गजाली, हव्या तेवढ्या.

पण त्याला समोर बसवा. बाजूची जागा माझी आहे.

मला घाई नाही.

बरे रवा.