एथेलबाईंची माणसं

त्या वर्षी एप्रिल संपत आला तरी माझं देवाशी भांडणच चाललं होतं. इतकी वर्षं दत्तगुरूंची सेवा केली, पण या एका मागण्यावर उत्तर म्हणून नाही. आणि मागणं तरी माझं कुठे होतं! ते शेजारच्या एथेलबाईंचं होतं.

कॅनडातल्या वॉटर्लूबाहेर आमच्या बाजूला राहणाऱ्या एथेलबाई निवृत्त शिक्षिका, ऐंशी ओलांडलेल्या. त्यांचे खापरपणजोबा अमेरिकेतल्या गुलामीतून सुटून इथे आले. तशीच सुटलेली माणसं जमली, त्यांनी जंगल तोडून शेतं केली आणि स्वतःची घरं धड उभी नसताना आधी शाळा बांधली. मत द्यायला अडवलं, तर जमिनीचे कागद हातात धरून मतदानाच्या दारात उभे राहिले, पण मत देऊनच परतले. हे सांगताना बाईंची मान ताठ व्हायची आणि ऐकताना माझाही ऊर भरून यायचा.

पण त्या माणसांची दफनभूमीच सापडत नव्हती. ती जिथे असावी, त्या आमच्या घरांमागच्या जमिनीवर नवी घरं होणार होती. कुण्या जुन्या शेतकऱ्याने थडग्यांचे दगड उचलून पार पलीकडच्या कुंपणाशी ढीग लावलेला, म्हणून सगळे तिथेच शोधत राहिले. पुरावा मिळाला नाही, तर उन्हाळ्यात बुलडोझर फिरणार. "मेल्यावरही हाकलणार बघ आम्हाला," बाई म्हणाल्या. मला रडू आलं.

अक्षय्य तृतीया आली. आमच्याकडे त्या दिवशी पितरांचं करतात. ग्रोसरीतली फुलं मला देवाला चालत नाहीत आणि बॅकयार्डमध्ये तर नुसता चिखल. मग काय, पुण्याची जुनी खोड! सकाळीच पिशवी घेऊन आमचं मागचं कुंपण ओलांडलं. "तुझ्या देवाला चोरीचीच फुलं लागतात वाटतं!" आमचे हे मागून ओरडले. मी त्या मागच्या जमिनीवरच्या झाडीत शिरले, आणि बघते तर काय, जमीनभर निळी फुलं, आपल्या सदाफुलीसारखी! ओंजळभर तोडली.

पूजा झाल्यावर खिरीची वाटी आणि उरलेली फुलं घेऊन बाईंकडे गेले. फुलं पाहून त्यांनी वाटी तशीच बाजूला ठेवली.

"कुठे मिळाली ही?"

मी सांगितलं.

"ज्यांना दगड परवडायचा नाही, त्यांच्या थडग्यावर आमच्यात ही वेल लावायचे. आजी सांगायची, ही बर्फाखालीही हिरवी राहते."

अगं बाई! थडग्यांवरची फुलं मी देवाला वाहिली होती! मी माफी मागू लागले, तर बाईंनी डोळे पुसत मला जवळ घेतलं. "माझ्या माणसांची फुलं देवापर्यंत पोचली. माफी कसली मागतेस?"

बाईंनी लगेच गावाच्या कचेरीत कळवलं आणि जमिनीखालचं दाखवणारं मशीन आलं. वेलीखाली ओळीने थडगी निघाली. गावाच्या सभेत एथेलबाई उभ्या राहिल्या. "माझे लोक या मातीत गुलाम म्हणून नाही, मालक म्हणून पुरले आहेत. त्यांना उठवायचा हक्क कुणालाही नाही." टाळ्या वाजवून माझे तळहात लाल झाले. घरांचा बेत रद्द झाला.

कुणी याला योगायोग म्हणेल, म्हणो बापडं. मला वाद घालायचा नाही. मी देवाला उपाय सुचवत बसले होते, आणि त्याने मला पिशवी घेऊन झाडीत धाडलं. आता मी मागते आणि उठते. कधी, कसं, कुणाच्या हातून, ते त्याचं तो बघेल. त्या सकाळी त्याने माझे हात वापरले, एवढा मान मला जन्मभर पुरेल.