वॉल्टला कोच नको होता

ऑरविल टेग्टमायर कमरेला पट्टाही बांधतो आणि वर गॅलिसही लावतो. पॅन्ट घसरण्याचा धोका त्याने दोन्हीकडून बंद केलेला आहे. जन्मभर आयोवाच्या बर्फात दुधाचा टँकर चालवला, पण गाडीचं चाक कधी रस्त्याखाली उतरलं नाही. अजूनही पुढच्या गाडीपासून एवढं अंतर ठेवतो की मधल्या जागेत तीन गाड्या घुसतात आणि मागचे हॉर्न वाजवून दमतात. बायको गेल्यापासून त्याला घर, भिंतीवरचं कुकू करणारं घड्याळ आणि आमच्या कॉलेजचा फुटबॉल संघ, तो हातात चेंडू घेऊन अंगावर धावायचा फुटबॉल, एवढाच संसार उरला होता. आणि असा हा माणूस, आमच्या पोरांनी मैदानात जोखीम घ्यावी म्हणून आठवडाभर जिवाचा आटापिटा करायचा.

मी डॉटीच्या कॅफेत सकाळ-दुपार कॉफी ओतते आणि राहते ऑरविलच्या समोरच्या घरात. त्यामुळे तो दोन्हीकडून माझ्या नजरेसमोर. सांगते त्यातलं काही ऐकीव नाही.

शनिवारी सामना व्हायचा आणि सोमवारी सकाळी खिडकीजवळच्या टेबलावर त्याचं पोस्टमॉर्टेम, आणि त्यातही संघाचा बचाव सांभाळणाऱ्या कोच लाडनरचं. ऑरविलसमोर मर्व बसायचा. मर्वने शाळेत गणित शिकवलं होतं आणि अजूनही समोरच्याची चूक सापडली की त्याचा चेहरा उजळतो.

"पुन्हा सगळे मागे," ऑरविल सुरू करायचा. "समोरचा चेंडू फेकायला उभा आहे, निवांत चार दिशांना बघतोय, आणि आपली पोरं दहा यार्ड लांब उभी. पाहुणा आलाय का तो? कॉफी विचारायची राहिली फक्त."

"मग काय करायचं?"

"अंगावर धावून जायचं. आडवा करायचा."

"आणि नेम चुकला तर? मागे सगळं रान मोकळं. तो थेट पलीकडच्या टोकाला जाऊन नाचेल," मर्व म्हणायचा. "लाडनर समोरच्याला थोडी थोडी जागा देतो, पण एकदम मोठं काही देत नाही. आपली पोरं चणीने लहान आहेत, बाबा."

"असलं रडकं खेळून कोण बघायला येणार? बचाव सांभाळायला ठेवलाय त्याला, झोपा काढायला नाही. हाकला आधी."

"तू टँकर कसा चालवायचास रे, ऑरविल?"

सगळं कॅफे हसायचं. "दुधाची गोष्ट वेगळी," म्हणून ऑरविल आपल्या दालचिनीच्या रोलमध्ये तोंड घालायचा.

दुपारी स्थानिक रेडिओवर रिकचा कार्यक्रम असायचा. लोकांनी फोन करायचा आणि शनिवारबद्दल बोलायचं. त्यात दर सोमवारी एक फोन यायचा 'वेस्ट साइडचा वॉल्ट' नावाच्या माणसाचा. हा वॉल्ट बोलायला लागला की त्याच्या तोंडाचा पट्टा आवरत नसे. लाडनरला काढा, कॉलेजचे अध्यक्ष झोपलेत का, अजून किती वर्षं हे भित्रं सोंग बघायचं. बोलता बोलता त्याच्यामागे कुठेतरी 'कुकू, कुकू' ऐकू यायचं. कॅफेतले लोक तोंडाला रुमाल लावून हसायचे. वॉल्ट कोण ते गावात कुणाला ठाऊक नव्हतं? पण आमच्याकडे माणसाला असलं काही तोंडावर सांगणं वाईट दिसतं, म्हणून आम्ही सगळे मूग गिळून बसलो. ऑरविल मात्र आपलं गुपित सांभाळल्याच्या थाटात दुसऱ्या दिवशी यायचा आणि विचारायचा, "काल रेडिओवर कुणी काही बोललं का?"

आता खरी गंमत ऐका. हा लाडनर राहत होता ऑरविलच्याच शेजारच्या घरात.

क्विंटन लाडनर मिसिसिपीचा. त्याने बर्फ असा आयुष्यात पाहिलेला नव्हता. पहिल्या हिवाळ्यात तो बागेतलं फावडं घेऊन बर्फाशी झटापट करत होता, ते बघवलं नाही म्हणून ऑरविलनेच त्याला बर्फ उडवायचं यंत्र घ्यायला लावलं, चालवायला शिकवलं. तेव्हापासून बर्फ पडला की क्विंटन उजाडता उजाडता आधी ऑरविलच्या गॅरेजसमोरची वाट साफ करायचा, मग स्वतःची. त्याची बायको रेनी पेकनच्या दाण्यांचे गोड पाय भाजायची ते दोन भाजायची, एक घरात आणि एक शेजारी. त्यांची मुलगी जोली ते घड्याळ बघायला ऑरविलकडे जाऊन बसायची आणि लाकडी कोकिळा बाहेर आली की टाळ्या वाजवायची. थंडीत त्यांची घर गरम ठेवणारी भट्टी बंद पडली तेव्हा हा म्हातारा पाठीवर झोपून ती दुरुस्त करत होता, गॅलिससकट.

मी एकदा न राहवून त्याला म्हटलं, "ऑरविल, ज्याच्या हातून बर्फ साफ करून घेतोस, त्याचीच नोकरी घालवायला निघालास?"

"अगं शार्लीन, ते फुटबॉलचं बोलणं," तो माझ्याकडे अशा नजरेने बघत म्हणाला की जणू मीच येडी. "त्याचा याच्याशी काय संबंध?"

त्याच्या डोक्यात शेजारचा तो क्विंटन होता आणि मैदानातला तो लाडनर. दोघांची गाठ त्याने कधी पडू दिली नाही.

त्यातून त्या पाट्या. आमच्या भागात संघ हरला की कॉलेजची टोळकी गावभर फिरून लोकांच्या अंगणातल्या 'घर विकणे आहे'च्या पाट्या उपटतात आणि कोचच्या अंगणात नेऊन रोवतात. सकाळी चर्चला निघताना कोचने दार उघडलं की समोर पाट्यांचं शेत. सामान बांध आणि चालता हो, असा त्याचा अर्थ. पण लाडनरांनी ते शेत बहुतेक कधी पाहिलंच नाही. ऑरविलला दुधाच्या दिवसांपासून पहाटे उठायची सवय. तो झोपायच्या कपड्यांवर कोट चढवून यायचा आणि एकेक पाटी उपटून काखेत मारायचा.

"घरात लहान मुलगी आहे," तो मला रस्त्याच्या पलीकडून ऐकवायचा. "वाचता येतं तिला. काही जनाची मनाची?"

पाट्या त्याच्या गॅरेजमध्ये जायच्या. सोमवारी सकाळी तो त्या पिकअपमध्ये टाकून ज्याच्या त्याच्या अंगणात परत लावून यायचा, मग आमच्याकडे नाश्ता, आणि दुपारी घरी जाऊन रेडिओला फोन, लाडनरला हाकला म्हणून. एकाच दिवशी दोन्ही. मी ते वर्षानुवर्षं बघितलं आणि हसले.

या हंगामातला शेवटचा सामना शेजारच्या गावच्या कॉलेजशी होता, आणि ते आमचे हाडवैरी. शेवटच्या काही मिनिटांत आम्ही जेमतेम पुढे होतो आणि चेंडू त्यांच्याकडे. ते इंच इंच सरकत आले. आमची पोरं मागे, आणखी मागे, पण एकालाही पाठीमागे जाऊ दिलं नाही. शेवटच्या रेषेच्या तोंडाशी त्यांना थोपवलं आणि वेळ संपली. ऑरविलने टोपी हवेत फेकली ती परत मिळालीच नाही. मर्वला मिठी मारून तो म्हणाला, "मागे उभे राहिले म्हणून वाचलो रे." हे त्याच्या तोंडून. मर्व दोन दिवस तेच सांगत फिरत होता. त्या सोमवारी वॉल्टचा फोनसुद्धा आला नाही.

मग नोव्हेंबरअखेरची थँक्सगिव्हिंगची सुट्टी आली. ऑरविल बहिणीकडे डे मॉइनला गेला, तो शनिवारी अंधार पडल्यावर परतला. मी त्या दिवशी बंद होईपर्यंत कॅफेत होते.

रविवारी उजाडताना मी पेपर घ्यायला दार उघडलं, तर ऑरविल लाडनरांच्या अंगणात पोचलेला. एकच पाटी होती.

"या आठवड्यात सामना नव्हता," तो मला ओरडून म्हणाला. "मागचा जिंकलो आपण. तरी यांची खाज जात नाही."

त्याने पाटी धरून ओढली. ती हलेना. पोरांनी घाईत खुपसलेल्या पाट्या हातासरशी निघतात. हिचे दोन्ही खुंट गोठलेल्या जमिनीत ठोकून बसवलेले होते. मला तेव्हाच काहीतरी खटकलं, पण पायांत सपाता होत्या, मी तिथेच उभी राहिले. ऑरविलने वाकून दोन्ही हात घातले, कण्हला, आणि पाटी मातीच्या ढेकळांसकट वर काढली.

रेनीने दार उघडलं. अंगावर क्विंटनचा कोट होता.

"मिस्टर टेग्टमायर, ती राहू द्या," ती म्हणाली. "ती आमची आहे."

"तुमची म्हणजे?"

"क्विंटनला काढलं. बुधवारी बोलावून सांगितलं. उद्या जाहीर करणार आहेत."

मी रस्ता ओलांडून कधी आले ते मला कळलं नाही. ऑरविल पाटी छातीशी धरून उभा होता.

"पण आपण जिंकलो."

"हो."

"त्याच्याच खेळावर जिंकलो. सगळ्या गावाने बघितलं."

"क्विंटनही तेच म्हणाला त्यांना. ते म्हणाले, खेळाचं ठीक आहे, पण लोकांना तू नको आहेस."

"कुठल्या लोकांना?" ऑरविलने विचारलं.

तो खरंच विचारत होता. मी इतकी वर्षं त्याला ओळखते, तो नाटक करत नव्हता. तो रागाने लाल झाला होता आणि त्याला त्या लोकांची नावं हवी होती, जाऊन जाब विचारायला. तो आपल्या घराचं दार उघडं टाकून आला होता, आणि त्या उघड्या दारातून, शांत रस्त्यावर, कोकिळा बाहेर आली. कुकू, कुकू, कुकू.

रेनीने त्या दाराकडे बघितलं आणि मग त्याच्याकडे.

"आम्हाला पहिल्याच वर्षी कळलं होतं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. त्यानेच मी हादरले. "जोलीनेच रेडिओवर ओळखलं घड्याळ. मी क्विंटनला म्हटलं, जाऊन बोल त्यांच्याशी. तो म्हणाला, राहू दे, एकटा माणूस आहे, सोमवारी दुपारी कुणाशी तरी बोलतोय."

ऑरविलचा चेहरा पांढराफटक. मला वाटलं आता हा पडतो, म्हणून मी त्याचा दंड धरला.

"मी... ते नुसतं बोलणं होतं," तो म्हणाला. "रेनी, देवाशपथ. मला कुठे माहीत, कॉलेजवाले ते ऐकतात म्हणून."

"थंडी आहे. घरात जा तुम्ही," ती म्हणाली. "आणि तेवढी पाटी परत लावाल का? क्विंटनच्या हातून ती बसता बसत नव्हती. एजंट म्हणाला, रस्त्यावरून दिसायला हवी."

तिने दार लावून घेतलं. ऑरविलने त्याच भोकांत खुंट घातले आणि टाचेने ठोकत बसला. पाटी तिरकी झाली, म्हणून पुन्हा काढली आणि पुन्हा लावली. मी मदतीला वाकले तर माझा हात बाजूला सारला.

सोमवारी दुपारी कॅफे गच्च भरलं होतं. बातमी फुटली होती आणि रिकचे फोन थांबत नव्हते. मग तो म्हणाला, "आणि हा बघा कोण, वेस्ट साइडचा वॉल्ट. वॉल्ट, आज तर तू गावाला डोनट वाटायला हवेत."

"मी वॉल्ट नाही," रेडिओतून आवाज आला. "मी ऑरविल टेग्टमायर. लाडनरांच्या शेजारी राहतो. मी जे बोललो ते सगळं चूक होतं. त्यांना परत घ्या."

रिक खो खो हसला. "वॉल्टसाहेब आज रंगात आहेत. अरे, जिंकलास तू, आता कसली चेष्टा?"

"ऐका माझं. मी ऑरविल..."

"बरं बरं, वॉल्ट, पुढच्या हंगामात भेटू."

फोन कापला त्याआधी मागे घड्याळ वाजलं, आणि कॅफेत या वेळी कुणी रुमाल तोंडाला लावला नाही. मर्व मला हळूच म्हणाला, "शार्लीन, बंद कर ते." मी बटणापर्यंत पोचेपर्यंत पुढचा फोन लागला होता. त्या माणसाला आता मुख्य कोच नको होता.