शांतामावशी आणि राजाची पोर

दर रविवारी सकाळी वाशिमच्या आमच्या मुलींच्या वसतिगृहात टीव्हीवर ते कार्टून लागायचं. राजाची मुलगी, तिच्या दोन मैत्रिणी, दगडातून उपसलेली जादूची तलवार, पंखांचे घोडे आणि राज्यावर टपलेली चेटकीण. आम्ही सगळ्या फरशीवर दाटीवाटीने बसायचो. आमच्या गृहपाल शांतामावशी मात्र टीव्हीकडे पाठ करून, आमच्याकडे तोंड करून बसायच्या.

“मावशी, तुमी काहून नाई पाहत?” मी एकदा विचारलं.

“राजाच्या पोरीले काय होते? तिचं भलंच होते. मी तुमाले पाहून राह्यली.”

मावशींची जीभ तिखट होती. ताटात भाकर उरली की म्हणायच्या, “तुह्या बापानं ऊन खाल्लं तवा हे भाकर आली.” पण कोणाला ताप आला, की तिच्या उशाशी त्याच बसलेल्या असायच्या.

किन्हीराजा गावची रेखा आमच्यात सगळ्यात दांडगी. खेळात राजकन्या तीच व्हायची, झाडूची तलवार करून. नववीत असताना दिवाळीच्या सुट्टीहून आली, आणि त्या रविवारी टीव्ही सुरू असताना खाली मान घालून बसली. मावशींनी ते बरोबर पाहिलं. तिला स्वयंपाकघरात नेलं. घरच्यांनी तिचं लग्न ठरवलं होतं.

दुसऱ्याच दिवशी मावशी एसटीने किन्हीराजाला गेल्या.

“पोरगी आमची हाय, बाई,” रेखाचे वडील म्हणाले.

“तुमचीच हाय. म्हणून तर तुमाले सांगाले आली.”

ते ऐकेनात, तेव्हा मावशींनी चाइल्ड हेल्पलाइनला फोन केला. लग्न थांबलं. आम्ही नाचलो. मावशी हसल्या नाहीत. “आज थांबलं. उद्याचं उद्या पाहू,” म्हणाल्या.

उन्हाळ्यात रेखा घरी गेली ती परत आलीच नाही. दूरच्या गावात तिचं गुपचूप लग्न लावून दिलं. पुढच्या वर्षी बाळंतपणात ती गेली. मावशी मातीला जाऊन आल्या, पाय धुतले आणि आम्हाला वाढायला बसल्या.

त्या रविवारी आम्ही टीव्हीला हात लावला नाही. मावशीच म्हणाल्या, “लावा.” चेटकिणीच्या मंत्राने राजकन्या निपचित पडली, मैत्रिणींनी तिला उठवलं. पाचवीतली एक मुलगी म्हणाली, “मावशी, रेखाताईले कोणी काहून नाई उठवलं?”

मावशी म्हणाल्या, “तिच्याजवळ कोणी नोतं, बाई. आपण साऱ्या इथंच होतो.”

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी स्वतःची सुट्टी एसटीत घालवली. गावोगाव, एकेका मुलीच्या घरी. माझ्या गावी, धनजला, आमच्या दारात भर दुपारी उभ्या राहिल्या. बाबांनी जयभीम घातला, आईने जेवायचा आग्रह केला. पाणी तेवढं प्यायल्या.

“जूनमदी धाडसान ना हिले?”

“धाडतो जी,” बाबा म्हणाले.

मावशींनी माझ्या हनुवटीला हात लावून चेहरा नीट पाहिला आणि निघाल्या.

आठवडाभराने अनसिंगच्या स्टँडवर त्या उन्हाने कोसळल्या. लोकांनी ऑटोत घालून दवाखान्यात नेलं, पण उपयोग झाला नाही.

जूनमध्ये वसतिगृह उघडलं. नव्या बाई दारात उभ्या होत्या. “सगळ्या आल्या का?” त्यांनी विचारलं. ज्यांच्या घरी मावशी पोचल्या होत्या त्या सगळ्या आल्या होत्या. आम्ही मावशींसारखंच एकेकीचा चेहरा नीट पाहू लागलो.