वेबसाइटचं मानपान

माझ्या थोरल्या भावाचा नागपूरजवळ हिंगण्याला कूलरचा कारखाना आहे. वडिलांनी तो घराच्या अंगणात सुरू केला, भावाने औद्योगिक वसाहतीत नेला आणि मी वर्तमानपत्रात नोकरी धरून धंद्याला हातभार लावला, म्हणजे मध्ये आलो नाही.

भंडारा, गोंदियाचे दुकानदार आता मोबाइलवर बघूनच ऑर्डर देतात, हे दोन उन्हाळे बघितल्यावर भावाने वेबसाइट काढायचं ठरवलं. पत्ताही ठरला: आमचं आडनाव आणि त्याला जोडून कूलर. वेबसाइट बनवणारा म्हणाला, हे नाव आजच नोंदवून टाका. भाऊ म्हणाला, पाडव्याला.

मी विचारलं, "तोवर कोणी घेतलं तर?"

"आपलं आडनाव कोण घेईन गा? अन् नवं काम मुहूर्तावरच झालं पाहिजे."

छपाईला मात्र मुहूर्त लागत नसावा. न नोंदवलेला पत्ता त्याने कूलरच्या पत्र्यांवर छापला, बिलबुकावर छापला, टेम्पोच्या मागे रंगवला आणि उद्घाटनाच्या पत्रिकेवर सोनेरी अक्षरांत टाकला. पहिली पत्रिका गणपतीसमोर ठेवली. दुसरी नगरसेवकाला घरी नेऊन दिली. नातेवाइकांना व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर फोटो. सीझन तोंडावर असताना घरोघरी कुंकू-अक्षता घेऊन कोण फिरणार?

पाडव्याच्या आधीच्या आठवड्यात वेबसाइटवाल्याचा फोन आला. नाव गेलं होतं. पत्ता उघडला की पांढऱ्या पानावर एकच ओळ दिसे: 'आमंत्रण आल्यावर सुरू होईल.'

भाऊ ती ओळ मोठ्याने वाचून म्हणाला, "हॅकर आहे."

"हॅकरले आमंत्रण काहून पाहिजे?" वहिनी म्हणाली. "हे घरातलं काम आहे."

घरात रुसण्याचा अनुभव असलेला माणूस एकच होता: आमचा जवाई, धाकट्या बहिणीचा नवरा. वरातीचा घोडा म्हातारा निघाला म्हणून तो लग्नात रुसला होता आणि बारशात पंगतीला पंखा दुसरीकडे वळवला म्हणून. शिवाय त्याचं जरीपटक्याला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. पुरावा परिस्थितीजन्य होता, पण भरपूर होता.

शेजारच्या वकिलांनी सांगितलं की ट्रेडमार्क केलेला नाही. तक्रार करता येईल, पण निकाल लागेपर्यंत उन्हाळा संपेल. कूलरवाल्याचा उन्हाळा संपला की वर्ष संपतं. नवा पत्ता घ्यावा तर रंगवलेला सगळा माल खरडावा लागणार. तसाच विकावा तर गोंदियाचा दुकानदार आमंत्रणाची वाट बघत बसणार. भावाने जवायाच्या मानाचा दुपट्टा, टोपी आणि नारळ घेतला. भाऊ, वहिनी आणि मी जरीपटक्याला गेलो.

जवायाने टिळा लावून घेतला, दुपट्टा खांद्यावर नीट बसवला, टोपी घातली. नारळ वाजवून बघितला.

"जवाईबापू, चुकलं आमचं," भाऊ म्हणाला. "आता ते नाव देऊन टाका."

"देतो ना भाऊ. मी काय खाऊन राहिलो का ते?" त्याने मोबाइल काढून दोन-चार ठिकाणी बोट दाबलं. "ओटीपी येईन आता."

आम्ही चौघं त्याच्या मोबाइलकडे बघत बसलो. ओटीपी आला, पण स्वयंपाकघरात वाजला. पाठोपाठ बहीण चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. ट्रेमध्ये कपांच्या शेजारी तिचा मोबाइल होता.

"माह्याकडे येते तो," ती म्हणाली.

"तुह्याकडे कसा काय?"

"नाव मीच घेतलं, दादा. दुकानातल्या कॉम्प्युटरवर बसून. हे त नुसते टोपी घालून बसले."

जवायाने टोपी काढली नाही.

"तुले कायले पाहिजे वं ते?" भावाने विचारलं.

"आडनाव माहं पण होतं ना? शाळेतून आल्यावर वाळा भरून कूलरच्या ताट्या कोण बांधत होतं? बोटं सोलून निघत होती माही. तुम्ही दोघं त गच्चीवर पतंग उडवत होते."

मी चहा घेतला.

"नगरसेवकाले पत्रिका घरी नेऊन देता," ती पुढे म्हणाली, "अन् मले ग्रुपवर. तेही कोणाच्या तरी गुड मॉर्निंगच्या गुलाबाखाली. मी उघडलीच असती का नसती, कोणाले फरक पडत होता?"

वहिनीने पर्स उघडली. आत एक छापील पत्रिका, कुंकवाची डबी आणि पुडीत अक्षता होत्या. कोणाला काही न विचारता तिने त्या बरोबर घेतल्या होत्या.

"उठ वं. ट्रे ठेव आधी," ती म्हणाली आणि बहिणीला कुंकू लावून पत्रिका तिच्या हातात दिली.

बहिणीने ती उघडून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. तेवढ्यात ओटीपीची वेळ टळून गेली.

"आता पुन्हा मागव," भाऊ म्हणाला.

"नाही. पाडव्याले सकाळी येऊन मी चालू करून देईन. नाव माह्यावरच राहू द्या. दरवर्षी मुदत वाढवा लागते. मी वाढवत जाईन."

"अन् विसरली त?"

"मी विसरत नाही, दादा."

परतताना गाडीत भाऊ म्हणाला, "वेबसाइटवाला म्हणते, नाव कारखान्याच्या नावावरच पाहिजे. उद्या ही रुसली त धंदा बंद."

"मग रुसू देऊ नका," वहिनी म्हणाली. "जवायाले इतके वर्षं सांभाळलंच ना?"

पाडव्याला बहीण नवरा आणि चार्जर घेऊन हजर झाली. नगरसेवकाने फीत कापली. टाळ्या जरा उशिरा पडल्या, कारण भावासकट सगळे तिच्या मोबाइलवर पान उघडतं का ते बघत होते.