टाकळीचे पन्नास सांधे

इंद्रभान मिस्त्री मूळचा रोहिणखेडकडचा. सोळाव्या वर्षी नळाचे चर खणायला लागला, विसाव्या वर्षी सांधे भरायला. पुढली पंधरा वर्षं त्याने दुसरं काम केलं नाही. एका लोखंडी नळाचं टोक दुसऱ्याच्या तोंडात बसवायचं, फटीत ताग कोंबायचा, वर वितळलेलं शिसं ओतायचं. ते थंड झालं की बोथट छिन्नीने चहूबाजूंनी ठोकून घट्ट करायचं. ओतणं कोणालाही जमतं. खरं काम ठोकण्याचं, आणि त्यातही खालच्या अंगाचं, कारण तिथे खड्ड्यात उताणं निजून हातोडा वर मारावा लागतो.

त्याला लिहिणं सहीपुरतंच येत होतं. तरी वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं असतानाच्या त्या दिवसांत ओव्हरसियरने त्याला कामं तपासायला नेमलं. पहिलीच लाइन त्याने डोळ्यांनी पाहून पास केली. गावाला घाई होती, त्यालाही होती. पाणी सोडलं तेव्हा शेवटच्या गल्लीत थेंब आला नाही. जमिनीखाली कुठे गळतं ते कोणाला सांगता येईना, आणि पुरलेलं पुन्हा कोण खणतो? वर्षाने तो तिकडून गेला तर त्या नळाला कोणीतरी शेळी बांधली होती.

त्यानंतर त्याच्याकडे टाकळीचं काम आलं. गाव खारपाणातलं. विहिरी भरलेल्या, पाणी मिठासारखं. पिण्याचं पाणी बायका दोन मैलांवरच्या नदीतल्या झिऱ्यातून आणत. आता सोनाळ्याच्या अंगाला डोंगराखालच्या विहिरीतून गोडं पाणी येणार होतं. शेतांतली लाइन तपासून बुजवली होती. राहिला होता गावातला शेवटचा तुकडा, सहाशे फूट, पन्नास सांधे. तपासणीला पाणी आणणारी टाकीची गाडी आस मोडून सोनाळ्याला पडली होती.

उत्तमराव पाटील चराच्या काठावर येऊन उभे राहिले. "मिस्तरी, तीन दिसांवर आखाजी हाय. गावच्या लेकी माहेरी येऊन राह्यल्या. त्याइच्या बैलांच्या दमण्या काय चरात घालाच्या?"

ठेकेदाराचा मुकादम पंजाबराव लगेच म्हणाला, "सांधे शेषरावाच्या हातचे हायेत. बुजून टाकू."

"दाबाचा काटा सांगन तेव्हा बुजू," इंद्रभान म्हणाला.

"काट्याले पाणी लागते. कुठून आणता?"

"विहिरीतून."

तानुबाई ओट्यावर ज्वारी पाखडत होती. शेवटच्या नळासमोर तिचंच घर. सूप थांबवून ती म्हणाली, "गोड्या पाण्याच्या नळाले पह्यली आंघोळ खाऱ्यानं?"

"मावशी, लोखंडाले चव समजत नाई. मंग धुऊन काढू."

"किती घागरी?"

"साठ."

"तुमचा हिशेब गड्यामाणसाचा. सांडलवंड धरून सत्तर म्हणा."

तिची लेक कोकिळा आदल्याच दिवशी आली होती. "आई, मी इथं आराम कराले आली. तिकडं माणसाइले पाणी पाजा लागते, इथं नळालेही?"

"नळ सासूवाणी नावं तं नाई ठेवत. उचल घागर."

चौदा बायका लागल्या. नळाचं खालचं तोंड बंद होतं, वरच्या तोंडाला नरसाळं. घाईने ओतलं की आतली हवा अडकून पाणी परत तोंडावर उडे. इंद्रभान प्रत्येकीला हळू ओतायला लावत होता. बहात्तर घागरी लागल्या.

शेषराव सांधेवाला लिंबाखाली बसून पाहत होता. "माह्या सांध्यावर भरवसा नाई काय, मिस्तरी?"

"माह्या सोताच्या सांध्यावरही नव्हता."

हातपंपाने दाब चढवला. काटा शंभर पौंडांवर आला. थांबेल असं वाटलं, पण दहा मिनिटांत तो ऐंशीवर उतरला. इंद्रभान चरात उतरला आणि एकेका सांध्यावरून हात फिरवत गेला. सरत्या चैत्राच्या उन्हात लोखंड तापून तळहात भाजत होते. पन्नासही सांधे हाताला कोरडे लागले.

"काटा बिघडला असन," पंजाबराव म्हणाला.

इंद्रभानने नळाकडची चावी बंद करून नुसता पंपाचा काटा पाहिला. तो हलला नाही. काटा खरा होता. पाणी कुठूनतरी जात होतं, आणि जिथे पाझरत होतं तिथे दिसायच्या आत वाळत होतं.

"उद्या दुपारपर्यंत वाट पाह्यतो," पाटील म्हणाले. "मंग माहे माणसं माती लोटतीन. तुमच्या सायबाले मी सांगीन."

पाटील गेले. इंद्रभान काठावर बसला. उद्या माती पडली तर हीही लाइन तशीच जाणार होती, आणि तिच्यावर सही त्याचीच राहणार होती.

तानुबाईने त्याला तांब्या दिला. "काय शोधून राह्यले तुमी?"

"ओल."

"या उन्हात ओल टिकन काय? पांढरं पाहा. आमचं पाणी जिथून पाझरते तिथं खार धरते. रांजण कुठं चिरला ते मले असंच समजते. दाबून ठेवा सांजलोक, अन् सकाळी पाहा."

इंद्रभानने तांब्या खाली ठेवला. इतकी वर्षं त्याने सगळ्या तपासण्या गोड्या पाण्याने पाहिल्या होत्या. त्याला हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्याने कोणाला विचारलंही नव्हतं. तो उठून पंपाशी गेला. दिवस मावळेपर्यंत त्याने आणि दोन खणकऱ्यांनी पाळीपाळीने दाब धरून ठेवला. पंजाबराव बिडी ओढत बसला होता. शेवटल्या तासाला तोही दांड्याला लागला.

सकाळी कोवळ्या उन्हात इंद्रभान पहिल्या सांध्यापासून निघाला. वरून सगळं काळं. मग तो प्रत्येक सांध्याखाली आडवा होऊन पाहू लागला. एकोणिसाव्याच्या खालच्या अंगाला नखाएवढी पांढरी रेघ होती. विसाव्याला तशीच. मग थेट चौतिसाव्याला. बाकी सत्तेचाळीस साफ.

त्याने शेषरावाला बोलावून हाताने दाखवलं. शेषरावाने उकिडवं बसून रेघेवरून बोट फिरवलं.

"इथं जुन्या घराच्या पायाचे दगड लागले," तो म्हणाला. "खड्डा खोल झाला नाई. उताणं निजता येईना. वरून छिन्नी पोचली तेवढी मारली."

"मले काऊन नाई सांगितलं?"

"तुमी म्हटलं असतं, दगड काढा."

"म्हटलंच असतं. अन् चौतिसावा?"

"तो दिवसाचा आखरी होता. थकलो होतो."

इंद्रभान रागावला नाही. त्याच्या वहीत पन्नासही सांध्यांपुढे बरोबरची खूण होती. ती त्याने काठावरून वाकून केली होती. खाली निजून त्यानेही पाहिलं नव्हतं.

"दोन तुह्ये," तो म्हणाला. "एक माहा."

पहारीने दगड काढले. शेषराव एकोणिसाव्याखाली निजला, इंद्रभान चौतिसाव्याखाली. हात काम विसरला नव्हता, पाठ विसरली होती. वीस घाव झाले की थांबायचं, डोळ्यांतली माती पुसायची, पुन्हा वीस.

दुपारी पाटील फावडेवाली सहा माणसं घेऊन आले. चरात त्यांना मिस्त्रीचे फक्त पाय दिसले.

"किती येळ, मिस्तरी?"

"सांज होईन," खालून आवाज आला.

"अन् दमण्या?"

"दोन जागी फळ्या टाका. दमण्या येशीपाशी सोडा. लेकी तेवढ्या चालतीन."

"पाटलाची लेक काय पायी येईन?"

"माही कोकिळा कालपासून घागरी वाहून राह्यली," तानुबाई ओट्यावरून म्हणाली. "तिचे नाई झडले पाय."

फावडेवाल्यांपैकी कोणीतरी हसलं. पाटलांनी त्याच्याकडे पाहिलं, मग मिस्त्रीच्या पायांकडे. "कोठ्यातल्या फळ्या आणा," ते माणसांना म्हणाले.

उन्हं उतरल्यावर पुन्हा दाब दिला. काटा शंभरावर गेला आणि तिथेच राहिला. अर्धा तास झाला. नियम तेवढाच होता. इंद्रभानने आणखी अर्धा तास पाहिलं, मग वहीवर सही केली.

दुसऱ्या दिवशी माती पडली, पण इंद्रभानने ती ढिगाने लोटू दिली नाही. अर्धा फूट थर, वर धुमसाचे ठोके, मग पुन्हा अर्धा फूट. फळ्यांवरून उतरून लेकी हातात गाठोडी घेऊन आपापल्या दाराशी जात होत्या.

आषाढ लागता लागता डोंगराखालचं पाणी सोडलं. नळ धुऊन निघेपर्यंत इंद्रभानने ते वाहू दिलं. मग तानुबाईच्या दारासमोर अंगठ्याएवढी धार लागली. तिने ओंजळ धरली आणि प्यायली.

"चव बरी हाय. पण तुरीची डाळ शिजली म्हंजे खरं. विहिरीच्या पाण्यात या घरी कधी शिजली नाई."

"किती येळ लागन?"

"बसा. काटा पाहत घंटाभर बसता, तसेच बसा."

तिने घागर लावली. इंद्रभान वहाणा काढून ओट्यावर बसला.