आवाज माझा, तोंडही माझंच

"थांब," बाई म्हणाल्या. "हा गायचा आवाज नाही. डुकरं हाकलायचा आहे."

मी नववीत होते. दिग्रसच्या शाळेत पंधरा ऑगस्टच्या गाण्यासाठी मुली निवडणं चाललं होतं. अख्खा वर्ग हसला. तेवढ्यावर बाईंचं भागलं नाही. हाताला धरलं तर विटाळ होईल म्हणून की काय, पट्टीचं टोक पाठीला लावून त्यांनी मला मैदानाच्या कुंपणापाशी नेलं. पलीकडे नाल्यात डुकरं लोळत होती.

"हाकल. तुमच्या वस्तीतलीच आहेत, तुझं ऐकतील."

मी ओरडले. "अजून मोठ्यानं," त्या म्हणाल्या. मी अजून मोठ्यानं ओरडले. डुकरं हलली नाहीत. खिडक्यांत मुली हसून बेजार.

आवाज माझा तसाच. घोगरा, जाड. त्या दिवसापासून मी प्रार्थनेत नुसते ओठ हलवले. विहारात वंदनेलाही.

बारावी झाली आणि मी मायसोबत जिनिंगवर जायला लागले. कापसातून सरकी वेगळी काढणारे रेचे दिवसभर धडधडत. शेजारणीला हाक मारायची तर पोटातून ओरडावं लागे. नाकातोंडात कापसाची धूळ. त्या वर्षांत कापसाचा भाव पडला होता. फाटकाबाहेर गाड्या उभ्या राहायच्या आणि भरल्या तशाच परत फिरायच्या. गोदामं रिकामी. त्यातल्या एका गोदामात जिनिंगच्या मालकाच्या, म्हणजे शेठच्या, मुलानं ड्रम आणि गिटारी आणून ठेवल्या. तो यवतमाळला इंजिनिअरिंगला होता. दोस्तांसोबत बँड काढला होता. त्याला सगळे छोटे शेठ म्हणत.

एकदा एका बाईचा पदर रेच्यात अडकला. मी ओरडले, "बंद कर!" यंत्रांच्या वर तो आवाज गेला. रेचा थांबला. बाई वाचली. छोटे शेठ गोदामातून धावत आले. बाई गळा धरून खाली बसली होती, तिच्याकडं त्यांनी पाहिलंही नाही.

"कौन चिल्लाया?"

"मी." वाटलं, गेलं आता काम.

"इकडं ये. परत ओरड."

त्यांनी माझ्या कानाला हेडफोन लावले. सगळे रेचे एकदम सुरू झाल्यासारखं काहीतरी, आणि त्याच्यावर एक माणूस नरड्यातून गरजत होता. त्याला कोणी थांब म्हणत नव्हतं.

"हे गाणं हाये?" मी विचारलं.

"हेवी मेटल."

माझ्या अंगावर काटा आला.

मग काम सुटलं की मी गोदामात. पहिले काही दिवस थुंकीतून रक्त आलं. हळूहळू कळलं, घसा फाडायचा नाही, दम पोटातून आणायचा. शब्द मी लिहिले. फाटकाबाहेरच्या गाड्या, कापसाची धूळ, अडकलेला पदर. छोटे शेठ म्हणायचे, "तू तो आग है." त्यांना थंड बाटल्या यायच्या. मला पाणी बाहेरच्या नळावर.

पहिला कार्यक्रम यवतमाळला, त्यांच्या कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये. माय घडीचं लुगडं नेसून आली. मागच्या भिंतीशी उभी राहिली. स्टेजमागं छोटे शेठ म्हणाले, "तू पडद्याआड उभी राहून म्हण. समोर हा राहील. नुसतं तोंड हलवेल." त्यांचा एक गोरा दोस्त चामड्याचं जाकीट घालून तयारच होता.

"काहून?"

"पप्पांचे लोक आलेत समोर. जिनिंगची बाई स्टेजवर? आणि तुझं तोंड पाहिलं का कधी? समज ना."

"राक्षसीण दिसत नाही, फक्त ऐकू येते," कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. ड्रमवालाही. माझ्या हातात माईक दिला आणि पडदा ओढला.

ड्रम सुरू झाले. गोऱ्यानं तोंड उघडलं. मी गप्प. तो तोंड उघडत होता, मिटत होता. आवाज नाही. हॉलमध्ये हसू फुटलं. तेव्हा मी पडदा सारून पुढं आले.

"हे शब्द माहे हायेत," म्हटलं, आणि सुरू केलं.

गाणं अर्ध्यावर असताना कोणीतरी माईकची वायर उपटली. मी थांबले नाही. बिनामाईकचं शेवटपर्यंत म्हटलं. संपल्यावर छोट्या शेठनं सगळ्यांदेखत माझ्या कानाखाली मारली. हॉलनं टाळ्या वाजवल्या. गाण्याला नाही, थापडीला. माय मागं उभी राहून पाहत होती.

दुसऱ्या दिवशी तिला जिनिंगच्या फाटकातच अडवलं. मलाही.

मग शेठचे दिवाणजी आमच्या घरी आले. माय खुर्ची पुशीत होती, पण ते दाराबाहेरच उभे राहिले. म्हणाले, "नागपूरला छोट्या शेठचा मोठा कार्यक्रम आहे, आवाज तुझाच पाहिजे. पडद्याआडून म्हणायचं. म्हणशील तर तुझी माय उद्यापासून कामावर. नाहीतर या भागातल्या कोणत्याच जिनिंगवर तिला घेणार नाहीत."

मी मायकडं पाहिलं.

"माह्या तोंडाकडं पाहू नको," ती म्हणाली. "तुले जे सांगायचं ते सांग."

"नाई," मी म्हटलं. "नाई म्हनून सांगा त्याइले."

दिवाणजींनी शब्द खरा केला. माय लोकांच्या वावरात कापूस वेचायला जाऊ लागली. वाळल्या बोंडांनी बोटं फाटायची. त्या हंगामात ती माझ्याशी धड बोलली नाही. एकदाच म्हणाली, "तुह्या गाण्यानं माह्या हातची भाकर नेली."

आता माझा बँड आहे. लग्नात ढोल वाजवणारा एक जण ड्रमवर, रेडिओ दुरुस्त करणारा एक जण गिटारवर. मारेगावला आमच्याच लोकांच्या वस्तीत गायलो तेव्हा निम्मे लोक उठून गेले. "हे काय गाणं हाये का?" म्हणत कोणीतरी चप्पल फेकली. छातीवर लागली. मी गात राहिले.

माय अजून ऐकायला येत नाही. तिचं खरं आहे. हा आवाज मी तिची भाकर देऊन राखला आहे. म्हणून तो कोणासाठी लहान करणार नाही. शेठसाठी नाही, वस्तीसाठी नाही, मायसाठीसुद्धा नाही.

गाईन तर समोर उभी राहून. तोंड दाखवून.