बाबांचं मशीन आणि गच्चीवरचं ऊन

सासरे दवाखान्यातून घरी आले तेव्हा त्यांच्यासोबत ऑक्सिजनचं मशीन आलं. स्टुलाएवढं, चाकांचं, सतत घरघरणारं. कतारगामच्या कापड विणायच्या लूमच्या कारखान्यात बाबांचं सगळं आयुष्य गेलं होतं, आणि तिथली तंतूंची धूळ फुफ्फुसात बसली होती. नाकाला नळी लावून ते खाटेवर टेकले आणि म्हणाले की आवाज ओळखीचा आहे, झोप चांगली लागेल. खरंच लागली. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात दुपार म्हणजे ती घरघर, पडद्यातून गाळून येणारं पिवळं ऊन आणि तोंड किंचित उघडं ठेवून झोपलेले बाबा.

मशीन दिवसरात्र चालायचं. त्यांना उकडू नये म्हणून एसीही लावलेला. पुढचं लाइटबिल आलं तेव्हा माझे यजमान दारातच उभे राहून ते दोनदा वाचत होते. बाबांसमोर हा विषय काढायचा नाही असं आम्ही ठरवलं होतं, पण बाबांची खाट दाराजवळच होती आणि मुलाचा चेहरा त्यांना लहानपणापासून वाचता येत होता.

मी शिक्षिका, माझी शाळा दुपारची. यजमान पलसाण्याला कापड रंगवायच्या मिलमध्ये, ते अंधार पडल्यावर परतायचे. शेजारच्या काकी मधूनमधून डोकावून जायच्या. एकदा परीक्षेमुळे शाळा लवकर सुटली. दार उघडलं, तर घर गप्प. इतकं गप्प की मला वाटलं मी चुकून दुसऱ्याच्या घरात शिरले. बाबा भिंतीला टेकून बसले होते, ओठ जांभळट पडलेले, मशीनचं बटण बंद. मी धावत जाऊन ते चालू केलं, नळी लावली आणि त्यांचा हात धरून बसून राहिले. रंग परत यायला बराच वेळ लागला.

लाइट गेली होती का, असं मी विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"तुम्ही घर नही ऱ्हातस, तवय मी बंद करी देस," ते त्यांच्या अहिराणीत हळूच म्हणाले. "दिनमा माले चालस."

आम्ही घरी नसताना रोज बंद करायचे, दिवसा चालतं म्हणून. किती दिवसांपासून, ते मी विचारलं नाही. रागावताही आलं नाही. ज्या माणसानं लूमवर उभं राहून पोराला शिकवलं, तो आता श्वासात काटकसर करत होता.

त्या संध्याकाळी मी यजमानांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, सोलार बसवू. सोसायटीतल्या दोघातिघांनी बसवलं होतं. यजमानांनी चौकशी केली. सोलारवाला भाई येऊन गच्ची मोजून गेला, सावली कुठून येते ते पाहून गेला. सरकारकडून थोडी मदत मिळणार होती, तरी उरलेला खर्च आमच्या मानानं मोठाच होता. यजमान जिन्यात बसले.

"पैसे वसूल व्हायला पाच-सहा वर्षं लागतील म्हणतो," ते म्हणाले. "आणि बाबा..."

मी म्हटलं, "हिशोब पॅनलचा करा. बाबांचा नको."

पॅनल लागले ते उंच सांगाड्यावर, म्हणजे खाली कपडे वाळत घालायला जागा राहिली. गच्चीला निळसर छप्पर आलं. पहिल्या रविवारी यजमानांनी आणि शेजारच्या काकांनी बाबांना खुर्चीसकट वर नेलं. ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर मी धरला होता. बाबा पॅनलच्या सावलीत बसले. मान वर करून पाहिलं. कान लावला.

"इतलं काम करस, आन् आवाज कशा नही?" त्यांनी विचारलं.

आयुष्यभर त्यांनी चालणारी वस्तू आवाजानंच ओळखली होती. यजमानांनी त्यांना भिंतीवरच्या मीटरच्या डब्यावरचे पळणारे आकडे दाखवले. दिवसा जास्तीची वीज कंपनीकडे जाते, रात्री आपण तिच्याकडून घेतो, शेवटी दोन्हींची वजाबाकी होते, हे समजावलं. बाबांनी ते शेजारणीला दिलेल्या वाटीभर साखरेसारखं समजून घेतलं. मग डोळे मिटले आणि तिथेच झोपले. वाऱ्यानं वाळत घातलेली साडी त्यांच्या गुडघ्यांना लागून परत जात होती. आम्ही तिघंही जिन्याच्या तोंडाशी बसून राहिलो. कोणाला उठवावंसं वाटेना.

त्यानंतर बटण बंद झालं नाही. सुरुवातीला मी शाळेतून काकींना फोन करून घरघर ऐकू येते का विचारायचे. मग विचारणं सोडलं. ढग आले की मात्र बाबा अस्वस्थ व्हायचे, खिडकीकडे बघत बसायचे.

सगळंच गोड नव्हतं. मे महिन्यात एका दुपारी लाइट गेली. बाहेर ऊन नुसतं पेटलेलं, आणि वरचे पॅनलही बंद. मी घाईघाईनं सिलिंडर लावला, मग सोलारवाल्याला फोन केला. तो म्हणाला, लाइन गेली की हे बंदच होतं, तारेवर काम करणाऱ्याला शॉक बसू नये म्हणून. वेगळी बॅटरी असेल तरच चालतं. हे त्यानं आधी सांगितलं असेल, आम्ही ऐकलं नसेल. बाबांना मात्र हसू आलं. एवढं ऊन असून सुट्टी, असं काहीतरी पुटपुटले.

पावसाळ्यात पॅनलची वीज कमी झाली, पुन्हा हिवाळ्यात वाढली. बिल अगदी थोडं येऊ लागलं. बाबा दोन हिवाळे राहिले. दुसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी, चहा घेऊन पुन्हा डोळा लागला असताना, झोपेतच गेले. मशीन चालूच होतं. ते मी बंद केलं.

भाड्याचं मशीन आम्ही परत केलं. परवा समोरच्या ताई विचारायला आल्या, सोलार बसवावं का. यजमानांनी त्यांना गच्चीवर नेलं. धूळ किती बसते, कोणत्या महिन्यात किती बिल येतं, लाइट गेल्यावर काय होतं, सगळं सरळ सांगितलं. घाई करू नका, आधी गच्चीवर सावली किती वेळ असते ते बघा, म्हणाले.

"तुमचे पैसे वसूल झाले का?" ताईंनी विचारलं.

"अजून नाहीत," यजमान म्हणाले, आणि पाइप घेऊन पॅनल धुवायला लागले.

चप्पल काढून, साडीचा पदर खोचून, ताईंनीही दुसऱ्या बाजूनं फडकं फिरवायला घेतलं.